खळ्यात वाळत घातलेली पुस्तकं

पाऊस उघडला तसं गेल्या आठवड्यात चर्चमधलं पुस्तकांचं कपाट रिकामं केलं. आमच्या वेंगुर्ल्यात चार महिने हवेत इतकी ओल असते की डांबरगोळ्या ठेवा नाहीतर कडुलिंबाचा पाला, पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरतेच. म्हणून दर ऑक्टोबरला सगळी पुस्तकं घरी आणतो, खळ्यात चटया घालतो आणि उन्हाला लावतो. एकेक पुस्तक पुसताना ते पुन्हा चाळलं जातं. या वर्षी मुंबईहून पुतणी आली होती, तीही मदतीला बसली. तिने विचारलं, "काका, मुलांना आता गोष्टीची पुस्तकं पुरत नाहीत. खऱ्या विषयांवरचं काहीतरी वाचायला द्यायचंय, पण विश्वासाला धरून. कुठली देऊ?" तिला तिथे जे सांगितलं आणि जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहितोय.

सुरुवात एका वाईट पुस्तकापासून करतो.

आई आजारी होती ते शेवटचं वर्ष. कुणीतरी भल्या मनाने तिला एक भाषांतरित पुस्तक आणून दिलं. मुखपृष्ठावर क्रूस, आत पानोपानी वचनं. त्यात सांगितलं होतं की पूर्ण विश्वास असेल तर आजार राहूच शकत नाही, आणि राहिला तर दोष विश्वासाचा. आईने ते दोनदा वाचलं. एका रात्री मी तिचे पाय चेपत होतो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "माझो विश्वास कमी पडलो काय रे?" जिने आम्हा चार भावंडांना गुडघ्यावर बसून प्रार्थना करायला शिकवलं, तिने मरणाच्या दारात हा प्रश्न विचारावा! ते पुस्तक तिच्या उशाखालून मी काढून घेतलं, पण तिच्या मनातून ते काढायला मला कित्येक रात्री लागल्या. निर्दोष असूनही दुःख सोसणाऱ्या ईयोबाचं बायबलमधलं पुस्तक वाचून दाखवलं. प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, तीन वेळा मागूनही काढला गेला नाही, ते वाचलं.

तेव्हापासून पुस्तक घेताना मी मुखपृष्ठावरचा क्रूस बघून थांबत नाही. पुस्तक खरं बोलतं का, ते बघतो. खरं म्हणजे देवाविषयी खरं, माणसाविषयी खरं आणि आपल्याला अडचणीचं असलं तरी खरं. पुराणमतवादी ख्रिस्ती म्हणवून घ्यायला मला लाज नाही. पवित्र शास्त्र देवाचं वचन आहे, चुकत नाही, असंच मी मानतो. पण म्हणूनच ख्रिस्ती नावाखाली खपवलेलं खोटं मला परक्याच्या खोट्यापेक्षा जास्त लागतं.

अमेरिकेत २०१० साली एक पुस्तक निघालं होतं. अपघातात सापडलेला एक लहान मुलगा स्वर्गात जाऊन परत आला, असं त्यात वर्णन होतं. ते प्रचंड खपलं. २०१५ मध्ये त्याच मुलाने जाहीर केलं की मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, लोकांनी लक्ष द्यावं म्हणून तसं म्हणालो होतो. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. त्या मुलाने आणखी एक सांगितलं, की लोकांनी बायबल वाचावं, तेवढं पुरे आहे. अंथरुणाला खिळलेल्या त्या पोराला जे कळलं ते ते पुस्तक विकणाऱ्यांना कळलं नव्हतं. आपल्याकडेही स्वर्ग-नरकाच्या सफरींची, शेवटच्या दिवसाची तारीख सांगणारी पुस्तकं अधिवेशनांच्या स्टॉलवर असतात. 'त्या दिवसाविषयी कोणालाही ठाऊक नाही' हे प्रभूचे शब्द ज्याच्या बायबलात आहेत, त्याने ती विकत का घ्यावी? या वर्षी कपाटातून अशी सात पुस्तकं मी बाजूला काढली आणि चर्चच्या वडीलमंडळींना तसं सांगितलं.

पारख करायची कशी? पुतणीला मी एक सोपी रीत दाखवली. लेखकाने दिलेलं वचन बायबलात काढायचं आणि त्याच्या आधीची दहा, नंतरची दहा वचनं वाचायची. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घ्या. कॅलेंडरांवर, मगांवर, लग्नाच्या भेटकार्डांवर सगळीकडे ते असतं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. पण त्याच्या आधीचं, दहावं वचन बघा. सत्तर वर्षं बाबेलात बंदिवासात काढावी लागतील, मग मी तुम्हाला परत आणीन. ते पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण तिथेच मेले असतील. अकरावं वचन घेऊन नोकरी-बढतीचं आश्वासन देणारा आणि दहावं गाळणारा लेखक पुढच्या दोनशे पानांत काय करील, हे मला तिथेच समजतं. बायबलातल्या बिरुया गावचे लोक खुद्द पौलाचं बोलणंही शास्त्राशी ताडून बघत होते. मग आजच्या लेखकाला सूट कशासाठी?

दुसरं मी बघतो ते आत्मकथनांत. लेखक स्वतःचं पाप सांगतो का? ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या 'कबुलीजबाबा'त पोरपणी केलेली पेअरच्या फळांची चोरी सांगितली आहे. भूक नव्हती, फळंही चांगली नव्हती, चोरी करण्यातच मजा वाटली, असं तो लिहितो. मोठा बिशप झालेला माणूस हे लिहितो तेव्हा त्याच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसतो. उलट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ज्याचं सगळं बरोबरच होतं, त्याची साक्ष मला अपुरी वाटते.

आणि आपल्या मराठीत तर ही दौलत घरचीच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्या ख्रिस्ती घरात नाहीत, त्या घराने ती आधी आणावी. त्यांचे पती नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातल्या करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली, पाच वर्षांनी. मधल्या वर्षांतली ताटातूट, रडणं, सोवळं-ओवळं, आणि मग जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे मनाला पटल्यावरची ती सुटका, सगळं त्या बाईने जसं घडलं तसं सांगितलंय. नवऱ्याचा राग झाकला नाही, त्याची थोरवीही कमी केली नाही. पहिला भाग निघाला १९३४ साली, आणि आजही वाचताना त्या समोर बसून बोलतायत असं वाटतं. उपदेश एका ओळीचाही नाही, तरी विश्वास म्हणजे काय ते कळतं. पुतणीने दुपारी ते उघडलं आणि संध्याकाळी चहाला हाक मारली तरी उठली नाही.

बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८८ चं. भाषा जुनी आहे, पहिली पंधरा-वीस पानं नेट लावावा लागतो. पण एक तरुण शंकांशी कसा झगडला, १८५४ साली बाप्तिस्मा घेण्याआधी त्याने काय काय वाचलं, कुणाकुणाशी वाद घातले, हे आजच्या कॉलेजातल्या मुलाने वाचण्यासारखं आहे. विश्वास म्हणजे डोळे मिटणं नव्हे, हे त्यात दिसतं.

पंडिता रमाबाईंबद्दल एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८८३ साली, इंग्लंडात. पण त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यांना तिथवर पोहोचायला हातभार कुणी लावला? एका पुस्तकाने. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं ते आत्मकथन. हा पाळक स्वतः धर्मोपदेश करता करता, आपल्याच उपदेशाने पालटला होता. रमाबाईंनी ते वाचलं आणि स्वतःला विचारलं की मी तारणाऱ्याला ओळखते का? एक खरं पुस्तक, ते वाचणारी एक प्रामाणिक बाई, आणि पुढे केडगावचं मुक्ती मिशन, हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं मराठी बायबल. म्हणून कुणी मला म्हणतं की बायबल असताना इतर पुस्तकं कशाला, तेव्हा मी रमाबाईंची आठवण करून देतो. पौलाची पण. तुरुंगात, मरण समोर असताना त्याने आपला शिष्य तीमथ्याकडे झगा मागितला आणि पुस्तकं मागितली. बायबल पहिलं, आणि त्याची जागा दुसऱ्या कशाला नाही. पण मन रिकामं राहत नाही. आपण काही ठेवलं नाही तर मोबाईल ठेवतो.

आता सगळ्यांना रुचणार नाही ते लिहितो. आमच्या कपाटात अ. का. प्रियोळकरांचं गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं, म्हणजे तिथल्या धर्मन्यायालयावरचं, पुस्तकही आहे, १९६१ चं, इंग्रजीतलं. एका बांधवाने विचारलं, "हे चर्चच्या कपाटात कशाला? ते कॅथलिकांचं पाप, आपलं नव्हे." मला हे पटत नाही. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, ख्रिस्ताच्या नावाने गोव्यात माणसांना छळलं गेलं. आमच्या शेजारच्या काकींचं कुलदैवत मंगेश. तो कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला का न्यावा लागला, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मी त्यांना येशूविषयी सांगायचं आणि त्यांची गोष्ट ऐकायचीच नाही, हे कसं चालेल? बायबल दाविदाचं पाप लपवत नाही, पेत्राचं नाकारणं लपवत नाही. मग आपण आपला इतिहास का लपवावा? त्याच गोव्यात, त्याच काळात, १६१६ साली रायतूरला फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं 'क्रिस्तपुराण' हे मराठी काव्य छापलं गेलं, ज्यात मराठीवरचं इतकं प्रेम आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. मुलांना दोन्ही कळू देत.

विज्ञानाच्या पुस्तकांची भीती बाळगणारेही आहेत. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या जुन्या दारावर स्तोत्र १११ मधलं वचन कोरलेलं आहे: परमेश्वराची कृत्यं थोर आहेत, ज्यांना त्यांत आनंद आहे ते त्यांचा शोध करतात. वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्राकडे धावताना बघितलेल्या मुलाच्या हातात कासवावरचं चांगलं पुस्तक द्या. लेखक देवाचं नाव घेत नसेल, पण निरीक्षण खरं असेल तर ते देवाच्याच हातच्या कामाचं वर्णन आहे. देव नाही असं ठासून सांगणारं पुस्तक मात्र मी बारा वर्षांच्या पोराला एकट्याने वाचायला देणार नाही. अठराव्या वर्षी देईन, आणि सोबत वाचीन. बाबेलात नेलेला दानिएल खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, विद्या शिकलाच, राजाच्या ताटातल्या अन्नापुरती मात्र त्याने रेघ ओढली.

आईकडे परत येतो. तिच्या त्या प्रश्नानंतर मी डॉ. पॉल ब्रँड यांचं वेदनेवरचं पुस्तक मिळवलं. मिशनरी आईबापांचा मुलगा, जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात. वेल्लोरला त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. बोटं आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांना दिसलं की दुखणं कळत नाही म्हणून माणूस नकळत स्वतःला भाजतो, कापतो, आणि मग बोटं जातात. वेदना म्हणजे शिक्षा नव्हे, देवाने शरीराला दिलेला पहारेकरी, असं ते लिहितात. पुस्तक इंग्रजीत होतं. मी रोज चार पानं वाचायचो आणि रात्री तिला मालवणीत सांगायचो. ती शांत ऐकायची. एकदा म्हणाली, "ह्या डाक्टराक दुखणा म्हायत हा." आजार गेला नाही, पण तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

हे पुस्तक मराठीत वाचायला मिळालं असतं तर तिने स्वतः वाचलं असतं, याची खंत आहे. आज आपल्या मंडळ्यांत जी भाषांतरं येतात, त्यांतली बरीचशी अशी असतात की वाक्य मराठी अक्षरांत आणि अर्थ कुठेच नाही. १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक चालवणाऱ्या समाजाची ही अवस्था बघवत नाही. ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांनी महिन्याला दहा पानं तरी करावीत, मी तपासायला बसतो.

पुस्तकं परवा परत कपाटात लावली. 'स्मृतिचित्रे' पुतणी घेऊन गेली, तेवढी जागा रिकामी आहे. रविवारी उपासनेनंतर कपाट उघडं असतं, कुणीही या, कुठल्याही धर्माचे असा. आणि कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत 'अरुणोदय'ची जुनी प्रत असेल तर कृपा करून रद्दीत घालू नका. आमच्या प्रतीची शेवटची सोळा पानं वाळवीने खाल्ली आहेत. मला कळवा, कुडाळ स्टेशनवर मी स्वतः घ्यायला येईन.