आधी नकाशा, मग जमीन? अमेरिकेत घडलं ते उलट

पाण्याचा विषय निघाला की एक संदेश हमखास पुढे सरकवला जातो: ‘अमेरिकेने पश्चिमेच्या कोरड्या मुलखाचे आधी नकाशे काढले, पाणी मोजलं, मगच जमिनी वाटल्या. म्हणून तिथलं वाळवंट हिरवं झालं.’ नियोजनाचा आग्रह मलाही आहे, पण त्यासाठी खोटा दाखला नको.

जमिनी आधी वाटल्या गेल्या. वसाहतकारांना सरकारी जमीन देणारा होमस्टेड कायदा 1862 चा, तर नकाशे काढणारं भूशास्त्रीय सर्वेक्षण खातं 1879 चं. जमीन मैलामैलाच्या चौकोनांत आखून 160 एकरांचे तुकडे दिले जात होते. ओढा कुठे, चढ कुठे, याचा त्यात विचारच नव्हता. गुरं पाळणाऱ्याचं कोरड्या माळावर एवढ्यात भागणार नव्हतं. पश्चिमेची पाहणी करणारे जॉन वेस्ली पॉवेल यांनी 1878 च्या अहवालात चराईसाठी 2,560 एकर आणि त्यात 20 एकरांपुरतं पाणी सुचवलं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ते बाजूला ठेवलं.

‘आधी नकाशा’ हा प्रयत्न एकदा खरोखर झाला, 1888 मध्ये. पॉवेल यांच्या हाताखाली सिंचन सर्वेक्षण सुरू झालं आणि धरणांच्या जागा व भिजू शकणारी जमीन राखून ठेवायचं ठरलं. त्यापायी जमिनींचे दावे अडकले. नेवाडाचे सिनेटर विल्यम स्टुअर्ट यांच्यासारखे लोक खवळले, आणि 1890 मध्ये काँग्रेसने पैसाच तोडला. म्हणजे नकाशा जमीनवाटपाच्या आड आला, तेव्हा नकाशाच थांबवला गेला.

‘पाणी मोजलं’ हेही तपासा. तिपाईवर फळा मांडून, समोरचे डोंगर न्याहाळत, जागेवरच समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या जात. पश्चिमेच्या त्या काळच्या अनेक नकाशांवर दोन रेषांमध्ये 100 फूट किंवा त्याहून जास्त उंची असे. कालवा मात्र मैलाला काही फुटांच्या उतारावर चालतो. नकाशावरची निळी रेषा नदी कुठून जाते ते सांगते, किती वाहते ते नाही. सर्वेक्षण खात्याचं प्रवाह मोजायचं पहिलं केंद्र न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदेवर, एम्बुडोला, 1889 मध्ये सुरू झालं.

राहिलं हिरवं वाळवंट. पॉवेल यांच्याच हिशेबाने पश्चिमेतल्या युटा प्रांतातली जेमतेम तीन टक्के जमीन भिजण्याजोगी होती. शिवाय तिथलं सिंचन या नकाशांपेक्षा कितीतरी जुनं. ॲरिझोनातल्या आजच्या फिनिक्स शहराभोवती होहोकाम या प्राचीन मूलनिवासी लोकांनी शेकडो मैल कालवे खणले होते. 1867 नंतर आलेल्या वसाहतकारांनी आपले पहिले कालवे काही ठिकाणी त्याच बुजलेल्या चरांतून नेले.