गायरान बारा वर्षांत कोणाच्याही नावावर होत नाही

मराठवाड्यातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या गायरानांविषयी, म्हणजे गावाच्या सामाईक चराऊ जमिनींविषयी, एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा गाभा असा: गायरान म्हणजे सरकारची पडीक जमीन असून तिचा कोणालाच उपयोग नाही, सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार बारा वर्षे कब्जा असलेल्याच्या नावावर ती होते, रोही (नीलगायी), रानडुकरे आणि लांडगे या गायरानांतच माजतात, त्यामुळे नांगर घातला की त्यांचा त्रास संपेल, माळावर झाडे नसल्यामुळेच आपल्याकडे पाऊस पडत नाही, आणि आपण आज जमीन धरली नाही तर उद्या ती सोलरवाले नेतील. शेवटी अर्थातच ‘प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचवा’ आहेच. मी या मजकुराकडे दुर्लक्ष केले असते, परंतु बालाघाट डोंगररांगेच्या पट्ट्यात राहणाऱ्या माझ्या मामांनी तो मला पाठवला आणि सोबत विचारले, की फाईल करून देणारा माणूस एकरी वीस हजार मागतो आहे, तर द्यावेत का? ज्या मजकुरामुळे माणसे गाठीचे पैसे मोजायला तयार होतात, त्याला गंमत म्हणून सोडून देता येत नाही.

सर्वांत घातक मुद्दा बारा वर्षांचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. ज्या निकालाचा या मजकुरात आधार घेतला आहे, तो बहुधा ७ ऑगस्ट २०१९ रोजीचा, रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजीत कौर या खटल्यातील असावा. तो वाद खासगी पक्षकारांमधला होता आणि न्यायालयापुढचा प्रश्न असा होता, की प्रतिकूल कब्जाने, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर दीर्घकाळ उघड ताबा ठेवून, हक्क मिळवलेली व्यक्ती स्वतः वादी म्हणून दावा लावू शकते काय. न्यायालयाने ‘लावू शकते’ असे म्हटले, एवढेच. सार्वजनिक उपयोगासाठी राखलेल्या जमिनींबाबत मात्र त्याच निकालात न्यायमूर्तींनी आवर्जून नोंदवले, की अशा मालमत्तांवर प्रतिकूल कब्जाने हक्क निर्माण होऊ नयेत आणि तसे कायद्यातच स्पष्ट करणे उचित ठरेल. म्हणजे ज्या निकालाच्या नावाने गायरान धरायला सांगितले जाते, तोच निकाल गायरानासारख्या जमिनी वाचवायला सांगतो. शिवाय १९६३ च्या मुदत कायद्यातील बारा वर्षांची मुदत खासगी मालमत्तेसाठी आहे. सरकारच्या दाव्यांसाठी तीच मुदत तीस वर्षे आहे.

यावर लगेच उत्तर येते, की आमच्या आजोबांपासून जमीन ताब्यात आहे, तीस वर्षे केव्हाच झाली, आणि पुरावा म्हणून जुन्या दंडाच्या पावत्यांचा पिवळा पडलेला गठ्ठा पुढे केला जातो. या पावत्यांविषयी आपल्याकडे विलक्षण गैरसमज आहे. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही आहे. तिच्यात नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. आपण सरकारी जमिनीत विनापरवाना शिरलो आहोत, याची ती सरकारी नोंद आहे. प्रतिकूल कब्जा सांगायचा तर मूळ मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे आणि अखंड ताबा ठेवला असे सिद्ध करावे लागते. ज्याने वर्षानुवर्षे सरकारला अतिक्रमणाचा दंड भरला आणि ‘जमीन नियमानुकूल करून मिळावी’ असे अर्ज दिले, त्याने सरकारची मालकी स्वतःच्या सहीने मान्य केलेली असते. मामांकडे आलेला माणूस हीच कागदपत्रे जोडून ‘मालकीची फाईल’ बनवून देतो, हे पाहिल्यावर त्याच्या धाडसाचे कौतुक करावे की कीव करावी, हे मला समजेनासे झाले.

खरी वजनदार गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि ती या मजकुरात शोधूनही सापडत नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला. पतियाळा जिल्ह्यातील रोहर जागीर या गावच्या तळ्यात भर घालून काही जणांनी घरे बांधली होती. जिल्हाधिकाऱ्यांनी ती हटवण्याऐवजी पंचायतीने सरकारी दराने जमिनीची किंमत वसूल करावी, असा तोडगा काढला होता. म्हणजे पैसे भरा आणि जमीन ठेवा. न्यायालयाने हा मार्ग साफ बेकायदेशीर ठरवला आणि केवळ पंजाबला नव्हे, तर सर्व राज्यांना गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखण्याचे आदेश दिले. ताबा फार जुना आहे, बांधकामावर मोठा खर्च झाला आहे किंवा वरपर्यंत ओळख आहे, यांपैकी कोणतेही कारण अतिक्रमण कायम करण्यास पुरेसे नाही, हे त्या निकालात स्पष्ट शब्दांत आहे. त्यानंतर त्याच वर्षी १२ जुलै रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून गायरान जमिनी खासगी व्यक्ती व संस्थांना देण्यास मनाई केली. पुढे जमीन महसूल संहितेत कलम २२-अ आले आणि गायरानाचा वापर बदलण्यावर कायद्यानेच बंधन घातले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यात अशी दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचे सरकारनेच सांगितले आणि पाठोपाठ गावोगावी नोटिसा गेल्या. अशा परिस्थितीत आज नव्याने नांगर घालणाऱ्याला सातबारा मिळणार नाही, नोटीस मिळेल.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावे लागते आणि ते मी नाइलाजाने नव्हे, तर नीट समजून मान्य करतो. नाइलाज एवढाच, की ते अशा मजकुराच्या संदर्भात मान्य करावे लागते आहे. मराठवाड्यात गायरान कसून काही कुटुंबांच्या नावावर जमीन झाली, हे खरे आहे. त्यामागे भूमिहीन दलितांचा दीर्घ संघर्ष आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह, त्यात तुरुंगात गेलेली हजारो माणसे आणि नंतरच्या काळात बीड परिसरात एकनाथ आवाड यांनी चालवलेला लढा हा त्याचा इतिहास आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी काही अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट मोकळी केली आणि तेव्हा दंडाच्या पावत्या ताब्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडल्या. पावत्यांविषयीचा आजचा गैरसमज बहुधा तिथूनच जन्मला. जगपालसिंग निकालातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेनुसार दिलेल्या जमिनींचा अपवाद केलेला आहे. परंतु तो हक्क ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नव्हती त्यांचा होता. त्यांच्या लढ्याच्या पुण्याईवर आज बागायतदाराने गायरानात ट्रॅक्टर घालावा आणि अनेकदा त्याच वस्तीवरील गायरानधारकाला हुसकावून घालावा, हे कोणत्या न्यायात बसते, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

आता ‘कोणालाच उपयोग नाही’ याविषयी. दिवाळीनंतर बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावे ऊसतोडीसाठी निम्मी रिकामी होतात. मागे म्हातारी माणसे, काही मुले आणि शेळ्या राहतात. या शेळ्या, ज्यांची जात देशभर उस्मानाबादी म्हणून ओळखली जाते, त्या कोणाच्या शेतात चरतात? भूमिहीन बाईच्या दोन शेळ्यांचे कुरण म्हणजे गायरानच. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तळ, उन्हाळ्यात ज्या शेतांत मेंढ्या बसवतात, त्या शेतांना लेंडीखत मिळते, पण त्या मेंढ्या दिवसभर चरतात माळावर. मारवेल, पवना आणि कुसळी गवताने भरलेला माळ भाद्रपदात एकदा चालून पाहावा. धोतराला आणि विजारीला अडकलेली कुसळे काढता काढता संध्याकाळ होते आणि पायापुढून चंडोल उडाल्याखेरीज दहा पावले पुढे जाता येत नाही.

शिवाय पूर्वजांनी ही जमीन वहितीखाली आणली नाही, ती आळसामुळे नव्हे. वीतभर मातीखाली मुरूम लागतो. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली ही माती एकदा नांगरली, की पहिली दोन वर्षे तूर बरी येते. मग मृगाच्या दोन-चार जोरदार सरींत माती ओढ्याला लागते आणि गावच्या पाझर तलावात जाऊन बसते. त्यानंतर ना गवत उरते ना पीक, आणि तलावातला गाळ काढण्यासाठी गाव पुन्हा सरकारकडे अर्ज करते.

रोह्यांचा मुद्दा वाचून मला खरोखर हसू आले, आणि ज्याच्या उभ्या हरभऱ्यात रोही शिरतात त्याला हसू येणार नाही, हेही मला ठाऊक आहे. नुकसान खरे आहे, भरपाईचे पंचनामे रखडतात हेही खरे आहे. पण गवत नष्ट केल्याने गवत खाणारा प्राणी कुठे जाईल, असे या विद्वानांना वाटते? तो शेतात येईल. रानडुकराला तर माळाची गरजही नाही. ते उसाच्या फडात आणि ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीत सुखाने राहते. मराठवाड्यात ऊस वाढला तशी त्याची सोय वाढली, याचे खापर गायरानावर फोडण्यात अर्थ नाही. उघड्या माळावर खरोखर अवलंबून आहे तो लांडगा, आणि त्याच्यासोबत काळवीट, खोकड, तरस. भारतीय लांडगा बहुतांशी अभयारण्यांच्या बाहेर, मेंढपाळांच्या वाटांवर जगतो. देशभरात तो सुमारे तीन हजारच उरला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, म्हणजे त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. तो मेंढरू उचलतो, हे प्रत्येक मेंढपाळ जाणतो. तरीही माळ नांगरण्याची मागणी मेंढपाळ करीत नाहीत, कारण लांडग्यासोबत त्यांचाही चारा जाईल.

‘प्राण्यांसाठी अभयारण्ये आहेत की’ असाही एक फाटा या मजकुराला आहे. धाराशिवचे येडशी रामलिंग घाट अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचे आहे, बीडचे नायगाव मयूर अभयारण्य तीस चौरस किलोमीटरच्या आसपास. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या जंगलात वाघ दिसला, तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याकडून शेकडो किलोमीटर चालून आलेला होता. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ गौताळा अभयारण्यात पोचला होता. हे प्राणी हवेतून येत नाहीत. शिवारे, ओढे, डोंगरउतार आणि माळ यांच्या तुकड्यातुकड्यांच्या साखळीतून ते सरकतात. वनविभाग रात्री गाडीतून लांडगे आणून सोडतो, ही गावगप्पा मी मुद्दाम खोडून काढत बसत नाही.

पावसाचा मुद्दा चार ओळींत संपतो. मराठवाड्यात पाऊस कमी पडतो तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे; गायरानात झाडे नाहीत म्हणून नव्हे. लातूरसारख्या जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही, हे दुःखद आहे आणि झाडे लावलीच पाहिजेत. बांधावर, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, जुन्या वनजमिनीवर लावावीत. गवताळ माळावर चर खणून ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या रांगा उभ्या केल्या, तर गवतही जाते आणि जंगलही होत नाही.

राहिला सोलरचा प्रश्न. येथे मजकुरातली भीती खोटी नाही. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेत गायराने सौर प्रकल्पांना दिली जात आहेत आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये अनुदानाचे आमिषही आहे. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची मागणी रास्त आहे, परंतु गावाचा एकुलता एक माळ त्यासाठी कुंपणाआड जावा, हे मला मान्य नाही. कलम २२-अ नुसार सार्वजनिक प्रकल्पासाठी गायरान घ्यायचे असल्यास दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नाही, हे आधी दिसावे लागते. आता हे लक्षात घ्यावे, की अर्धे गायरान लोकांनीच नांगरून ठेवले असेल, तर ‘येथे जनावरे चरत नाहीत’ हे अधिकाऱ्यांना सिद्ध करण्याचीही गरज उरत नाही. आपणच ते सिद्ध करून दिलेले असते. म्हणून अडवायचेच असेल, तर ग्रामसभेचा ठराव करावा आणि त्यात गट क्रमांक, क्षेत्र, गावातील गुरे, शेळ्या व मेंढ्यांची संख्या, बाहेरून वाडे कोणत्या महिन्यांत येतात आणि पर्यायी सरकारी जमीन कोणत्या गटात आहे, एवढे तरी लिहावे. ठरावाची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकारी या दोघांच्याही कार्यालयांत देऊन पोच घ्यावी, आणि पोचेवर शिक्का व तारीख आहे की नाही, हे तिथेच तपासून पाहावे.