मोठी पेटी, जाड पत्रा आणि ‘काही होत नाही’

पिकअपच्या हौद्यावर राहायची केबिन बांधून फिरायचं वेड आता लातूर-नांदेडपर्यंत आलंय. त्याच्या मागोमाग एक मेसेजही फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हौद्याखाली मावेल तेवढी मोठी सामानाची पेटी लावा. वजन खाली गेलं की गाडी रस्त्याला चिकटून चालते. पत्रा जाड घेतला की जन्माची काळजी मिटली. रबर लावलं की धूळ-पाणी आत येत नाही. गॅस, बॅटरी, पाणी सगळं खाली टाका, केबिन मोकळी ठेवा. आणि पेटीच तर आहे, आरटीओ कशाला विचारतोय! यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्या ऐकून कुणी हजारो रुपये घालण्याआधी हे वाचावं.

मावेल तेवढी म्हणजे किती, हे हौद्याखालची रिकामी जागा ठरवत नाही, रस्ता ठरवतो. हौद्याच्या आडव्या चॅनलपासून जमिनीपर्यंत ७० सेंटिमीटर आहेत असं धरू. ४५ सेंटिमीटर उंचीची पेटी टांगली की तिचा तळ जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर येतो. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असेल आणि पेटी दोन्हींच्या मधोमध असेल, तर गाडी फार तर १९ अंशांचा उंचवटा न घासता ओलांडेल. पेटी ३५ सेंटिमीटर उंचीची केली तर हाच आकडा २६ अंशांवर जातो. दहा सेंटिमीटरचा हा फरक सोलापूर-धुळे हायवेवर कधीच कळणार नाही. पाणंदीतून रानात उतरताना, कालव्याच्या भरावावर चढताना किंवा गावकऱ्यांनी स्वतःच घातलेल्या मुरमाच्या गतिरोधकावर मात्र पहिल्या दिवशीच कळेल. मोजमाप घ्यायचं ते भरल्या गाडीचं. रिकाम्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे ताठ असतात, पाण्याची टाकी भरली की ते बसतात.

चाक आणि पेटी यांच्यातली जागा हा मेसेजमध्ये नसलेला मुद्दा. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घातली की चिखल चाकाला लपेटून फिरतो. मध्ये वीतभर अंतर नसेल तर तो पेटीवर थापला जातो आणि वाळला की वीटच होते. शिवाय खड्ड्यात पाटा दबतो तेव्हा चाक वर सरकतं, तेवढी वाट त्याला मोकळी हवी. म्हणून एका बाजूला १२० सेंटिमीटरची एक पेटी लावण्यापेक्षा ६० सेंटिमीटरच्या दोन लावलेल्या बऱ्या. स्टेपनी निघाली पाहिजे, ग्रीसिंगच्या निपलपर्यंत हात पोचला पाहिजे. आणि हौद्याचा बाजूचा फाळका ठेवणार असाल तर तो खाली सोडून बघा. फाळका नेमका पेटीच्या दारावर लोंबकळतो आणि दार उघडतच नाही. हे बॉडीवाला सांगत नाही. फाळका त्याच्या कामात बसत नाही ना.

वजन खाली गेलं की गाडी स्थिर. हीच ती अर्धी खरी गोष्ट. गाडीचं एकूण वजन २,५०० किलो धरा. त्यातलं ६० किलो सामान सव्वा मीटर उंचीवरून अर्ध्या मीटरवर आणलं तर गाडीचा गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटरही खाली येत नाही. फायदा आहे, पण त्यासाठी छाती फुगवायचं कारण नाही. वजन पुढं-मागं आणि डावीकडं-उजवीकडं कसं बसलंय, हे त्याहून महत्त्वाचं. मागच्या चाकांच्या एक मीटर मागं १०० किलो टांगले, तर चाकांत ३ मीटर अंतर असलेल्या गाडीत मागच्या ॲक्सलवर १३३ किलो वाढतात आणि पुढचा ॲक्सल ३३ किलोंनी हलका होतो. पुढून हलकी झालेली गाडी धारूरच्या घाटात वळणावर स्टिअरिंगला कसा जबाब देते, ते चालवणाऱ्यालाच विचारा. डिझेलची टाकी बहुधा एका बाजूला असते. पाण्याची दुसऱ्या बाजूला घ्या. मोंढ्यातल्या किंवा साखर कारखान्याच्या काट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी चढवून वजन घेता येतं.

आता जाड पत्रा. १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची पेटी २ मिलिमीटर लोखंडी पत्र्यात केली तर नुसता पत्राच ४० किलोंचा होतो. अशा दोन पेट्या म्हणजे सामान भरायच्या आधीच एक माणूस गाडीखाली टांगल्यासारखा झाला. त्याच मापाची ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमची पेटी २१ किलोंत बसते. पण ॲल्युमिनियम घेतलं की संपलं, असंही नाही. लोखंडी ब्रॅकेटवर ते थेट कसलं आणि मध्ये ओल राहिली, तर सांध्यात ॲल्युमिनियम पांढरं पडून खात जातं. मध्ये रबराची पट्टी आणि नायलॉनचे वायसर हवेतच. नक्षीदार चेकर्ड पत्रा दिसायला झकास असतो, पण दाराच्या आतल्या बाजूला नक्षी आली की रबर सपाट बसत नाही.

तरीही पेटी फाटते ती बहुतेक वेळा पत्रा बारीक म्हणून नाही; टांगायची पद्धत चुकते म्हणून. पिकअपची शिडीसारखी चॅसी खड्ड्यात पिळवटते, आणि ती पिळवटावी अशीच केलेली असते. हौदा तिच्यावर क्लॅम्पनं किंवा रबरावर बसलेला असतो, म्हणून दोघांची हालचाल सारखी नसते. पेटीचा वरचा कान हौद्याला आणि खालचा ब्रॅकेट चॅसीला कसला, की प्रत्येक खड्ड्याला पेटीची ओढाताण होते. आधी वेल्डिंगला तडा जातो, मग कोपरा उघडतो. टांगायची तर अख्खी हौद्याला टांगा, नाहीतर अख्खी चॅसीला. जाड पत्रा यात काहीच वाचवत नाही, उलट जडपणामुळं ओढ वाढते. चॅसीला वेल्डिंग करू देऊ नका, तिच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकही पाडू देऊ नका. संभाजीनगरजवळ वाळूज, चिकलठाण्याला पत्रा लेझरनं कापून, वाकवून देणारे आहेत. ब्रॅकेट तिथून मापात करून घ्यावेत.

धूळ-पाण्याचं म्हणाल तर पाणी सोपं आहे. दाराच्या चौकटीला वर पन्हाळीसारखी कड दिली की पावसाचं भागतं. फुफाटा अवघड. धावत्या गाडीच्या मागं आणि बाजूला हवेचा दाब कमी होतो, बारीक फटीतूनही हवा आत-बाहेर होते आणि तिच्याबरोबर पिठासारखी माती आत येते. विकणारा ‘आयपी ६५’ म्हणतो. त्यातल्या ६ चा अर्थ धूळ आत न येणं, ५ चा अर्थ पाण्याच्या झोताला टिकणं. पण ती चाचणी एका जागी ठेवलेल्या वस्तूवर होते, हिंगोलीकडच्या कच्च्या रस्त्यावर हादरणाऱ्या दारावर नाही. चपट्या फोमच्या पट्टीऐवजी पोकळ गोल ईपीडीएम रबर घ्या आणि कुलूप असं घ्या जे दार आत ओढून रबर दाबतं. नुसतं अडकणारं कडीचं कुलूप सैल पडतं. दाराच्या बिजागऱ्या बाजूला असतील तर त्या पुढच्या कडेला हव्यात. चालत्या गाडीत कुलूप सुटलं तर वारा दार लोटून बंद करतो.

गॅस, बॅटरी सगळं खाली, हा सल्ला धोक्याचा आहे. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर बंद पेटीत तळाशी साचतो, म्हणून सिलेंडरच्या पेटीला तळालाच झरोके लागतात आणि ती बॅटरीपासून, सायलेन्सरपासून लांब लागते. सिलेंडर उभाच ठेवायचा. आडवा केला की द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये येतो. घरचा १४.२ किलोंचा सिलेंडर ४५ सेंटिमीटर उंचीच्या पेटीत उभा मावतच नाही, ५ किलोंचा छोटा बघावा लागतो. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची गाळणी स्वतःला साफ करताना आतलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. तिच्या शेजारी प्लास्टिकची टाकीसुद्धा नको. बॅटरीचं आणखी वेगळं. थंड देशांतले लोक ती गोठेल म्हणून घाबरतात. आपल्याला परभणीच्या मे महिन्याची भीती. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग नको असतं, आणि डांबराच्या वर टांगलेली काळी पेटी तो आकडा दुपारी सहज ओलांडते. बॅटरी केबिनमध्ये पलंगाखाली ठेवा. खाली दोरखंड, जॅक, पाने, ताडपत्री आणि पाणी जाऊ द्या.

शेवटचं आरटीओचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरच्या नोंदी कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. हौद्याच्या कडेच्या आत राहणाऱ्या, नंबरप्लेट, रिफ्लेक्टर, दिवे न झाकणाऱ्या, बोल्टनं बसवलेल्या पेटीवरून सहसा वाद होत नाही. वाद होतो तो वरच्या केबिनवरून आणि वजनावरून. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीवर राहण्याची बॉडी कायमची बसवायची तर आधी परवानगी घ्यावी लागते, नंतर नाही. आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा गाडी जड भरली तर कलम १९४ मध्ये २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहेत. त्या वजनात पेट्याही मोजल्या जातात.