फरीदांची वाणी आणि नानकांचे उत्तर

गुरू नानक हे मुळात सूफी होते आणि शीख पंथ म्हणजे सूफी परंपरेचीच पंजाबी शाखा होय, असे सांगणारा मजकूर सध्या फार फिरतो आहे. त्यात चार पुरावे दिलेले असतात: हरमंदिर साहिबचा (अमृतसरच्या सुवर्णमंदिराचा) पाया सूफी संत मियाँ मीर यांनी घातला, लंगर म्हणजे सर्वांसाठीचे सामुदायिक जेवण खानकाहांतून (सूफी मठांतून) आला, शिखांचा गुरू म्हणजे सूफींचा पीरच, आणि शिखांच्या धर्मग्रंथात, गुरू ग्रंथ साहिबात, सूफी संत बाबा (शेख) फरीदांची वाणी आहे. लिहिणाऱ्यांचा हेतू बहुधा सलोख्याचा असतो आणि त्याचा मला आदर आहे. परंतु दोन थोर परंपरांना जवळ आणताना त्यांतील एकीचे स्वतंत्रपण पुसले जात असेल, तर गप्प बसणे योग्य नाही.

लाहोरचे, सूफींच्या कादिरी शाखेतील संत मियाँ मीर आणि गुरू अर्जनदेव यांचा स्नेह शीख परंपरा प्रेमाने सांगते. पायाभरणीची कथा मात्र उशिराच्या लेखनात येते. ती खरी मानली, तरी अर्जनदेव हे पाचवे गुरू होते. तोवर पंथ उभा राहिलेला होता.

लंगराच्या बाबतीत दाव्यात तथ्य आहे. शब्द फारसी आहे आणि खानकाहांत येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालण्याची रीत नानकांच्या आधीपासून होती. मात्र जातपात न पाहता सर्वांनी एका पंगतीत बसावे, हा दंडक गुरूंनी संगतीच्या, म्हणजे शीख भक्तसमुदायाच्या, रचनेचाच भाग केला.

गुरू आणि पीर यांच्यातील भेद अधिक खोल आहे. सूफी पीराचा अधिकार सिलसिल्यातून येतो. ही गुरुशिष्यांची साखळी मागे मागे जात पैगंबर मुहंमदांपर्यंत पोहोचते. नानक अशा कोणत्याही साखळीचा आधार सांगत नाहीत. ‘सिद्ध गोसटि’ या योग्यांशी झालेल्या संवादाच्या रचनेत योगी त्यांना त्यांचा गुरू कोण असे विचारतात, तेव्हा ते म्हणतात, ‘सबदु गुरू सुरति धुनि चेला’. शब्द हाच गुरू. पुढे 1708 मध्ये आपल्या नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाकडे सोपवले, त्याचे बीज या उत्तरात दिसते.

राहिला सर्वांत वजनदार पुरावा. सूफींच्या चिश्ती परंपरेतील शेख फरीद हे तेराव्या शतकातले, म्हणजे नानकांच्या जन्माच्या (1469) सुमारे 200 वर्षे आधीचे. त्यांच्या नावाचे 112 श्लोक आणि 4 शबद (पदे) ग्रंथात आहेत. पण तेवढ्यावरून पंथ सूफी ठरत असेल, तर आपल्या नामदेवांची 61 पदे त्याच ग्रंथात असल्यामुळे तो वारकरी संप्रदायाची शाखाही ठरेल. शिवाय ही वाणी तेथे कशी ठेवली आहे, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. फरीदांच्या श्लोकांमध्ये अधूनमधून गुरूंचे श्लोक येतात आणि ते फरीदांशी बोलतात. काळ्या केसांच्या वयात ज्यांनी प्रभूवर प्रेम केले नाही, त्यांतला एखादाच केस पांढरे झाल्यावर ते करतो, असे फरीद म्हणतात. त्यावर तिसरे गुरू अमरदास सांगतात की चित्त लावणाऱ्याला प्रभू दोन्ही वयांत आहेच, पण हे प्रेम स्वतःच्या इच्छेने जडत नाही, तो देईल त्यालाच मिळते.

याहून स्पष्ट उदाहरण तंदूरच्या श्लोकाचे आहे. फरीद म्हणतात, देह तंदुरासारखा तापो, हाडे सरपणासारखी जळोत. प्रियतम भेटणार असेल तर पाय थकल्यावर मी डोक्यावर चालत जाईन. ही व्याकुळता अंगावर काटा आणते. नानकांचा श्लोक तेच शब्द उचलतो आणि उलटी दिशा दाखवतो: ‘तनु न तपाइ तनूर जिउ बालणु हड न बालि’. देह तापवू नकोस, हाडे जाळू नकोस. डोक्याने आणि पायांनी तुझे काय बिघडवले आहे? प्रियतमाला आतच पाहा. शिष्य गुरूची वाणी अशी फिरवत नाही, आणि परका माणूस ती इतक्या जिव्हाळ्याने हाती घेत नाही. 1604 मध्ये सिद्ध झालेल्या ग्रंथात अर्जनदेवांनी दोन्ही श्लोक एकापाठोपाठ ठेवले, आणि फरीदांचा श्लोक आधी ठेवला.