विहीर बुजवायची कुणी?

कोकणात राजापूरजवळ बारसूला प्रस्तावित असलेल्या तेल रिफायनरीवरून घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा जुंपली. राजापूरच्या मामेभावाने मला सरळच विचारलं, "ताई, तू कोलोराडोत बसून विरोध करतेस. तुमच्याकडे तर घरांमागेच तेलाच्या विहिरी आहेत. काय बिघडलं तुमचं?"

त्याचा राग मला कळतो. त्याची दोन्ही मुलं नोकरीसाठी मुंबईला गेली, गावात घर राखायला हे दोघंच. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायचं आहे.

बिघडलं ते असं. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातलं फायरस्टोन हे गाव आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. 17 एप्रिल 2017 रोजी तिथल्या एका तळघरात दोघे जण पाण्याचा हीटर बसवत होते, नात्याने मेहुणे. स्फोटात दोघेही गेले, घरातली बाई जबर जखमी झाली. घरापासून पावणेदोनशे फुटांवर 1993 सालची विहीर होती. तिची एक इंची जुनी नळी वापरातून काढलेली, पण विहिरीपासून सोडवायची राहून गेलेली, आणि घराजवळ जमिनीत तुटलेली. बंद ठेवलेली विहीर त्या जानेवारीत पुन्हा सुरू झाली आणि तुटक्या तोंडातून वायू घराकडे झिरपत राहिला. आपल्या सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. या कच्च्या वायूला तो नव्हता, त्यामुळे कुणाला कळलंच नाही.

विहिरीचा परवाना राज्याचा, घरांचा परवाना गावाचा. मधल्या जमिनीत काय पुरलंय, हे बघणं कुणाचंच काम नव्हतं. गावांनी लक्ष घातलं नव्हतं असं नाही. लाँगमाँट शहराच्या मतदारांनी 2012 मध्येच फ्रॅकिंगवर, म्हणजे खोल खडकात प्रचंड दाबाने पाणी सोडून तेल-वायू काढण्यावर, बंदी घातली होती, पण हा विषय राज्याचा आहे असं सांगून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ती रद्द केली. पुढे 2019च्या एप्रिलमध्ये नवा कायदा झाला. विहीर कुठे असावी, आवाज, धूळ, वाहतूक, तपासणी, दंड, या बाबतींत शहरं आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आता राज्यापेक्षा कडक नियम करू शकतात.

स्थानिक अधिकार म्हणजे विरोधच, असं मात्र नाही. राज्यातलं बहुतेक तेल ज्या वेल्ड काउंटीतून निघतं, तिने याच कायद्याच्या आधारे स्वतःचं तेल-वायू खातं काढलं आणि विहिरींना हवं म्हटलं. शेजारच्या ब्रूमफील्डने नियम आवळले. मला दोन्ही मान्य आहे. ज्यांच्या दारात विहीर, त्यांनी हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं.

पण खरा घोळ विहीर आटल्यावर सुरू होतो. मोठी कंपनी आटत आलेली विहीर छोटीला विकते, छोटी आणखी छोटीला, आणि शेवटची दिवाळं काढते. मग विहीर बेवारस. कोलोराडोत कित्येक वर्षं शंभराहून जास्त विहिरी असलेल्या कंपनीकडून सगळ्या विहिरी बुजवण्याच्या हमीपोटी मिळून एकच अनामत घेत: 1,00,000 डॉलर. एवढे पैसे एका विहिरीत सिमेंट भरून जमीन पूर्ववत करायलाच लागू शकतात! 2022 मध्ये हे नियम बदलले. तोवर देशभरातल्या बेवारस विहिरींसाठी केंद्राला 2021च्या कायद्यात 470 कोटी डॉलर काढून ठेवावे लागले होते. म्हणजे करदात्यांचे, त्यात माझेही.

काउंटीत नव्या विहिरींच्या परवान्यावरच्या एका सुनावणीला मी गेले होते. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. एक म्हातारे शेतकरी उठले. ते तेलाच्या विरोधात नव्हते, रॉयल्टीचे पैसे आजवर वेळेवर आले हेही त्यांनी सांगितलं. मग खिशातून गव्हाच्या दोन काड्या काढून टेबलावर ठेवल्या. एक कमरेएवढी. दुसरी वीतभर, बुजवलेल्या विहिरीच्या जागेवरची, ओंबीत दाणाच नाही. "विहीर बुजवून अकरा वर्षं झाली," एवढंच म्हणाले आणि बसले. काउंटीने त्या दिवशी नव्या परवान्यात एक अट वाढवली: पीक शेजारच्या शेताइतकं येईपर्यंत अनामत परत नाही.

दादा, मला बारसूसाठी हेच हवं आहे. रिफायनरी म्हणजे विहीर नव्हे, हे मलाही कळतं. पण 2023च्या एप्रिलमध्ये तिथे माती परीक्षण झालं ते पोलीस बंदोबस्तात, लोकांवर अश्रुधूर सोडून. आजूबाजूच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते, ते कागदावरच राहिले. समज, त्यांनी बाजूने ठराव केला असता, तर त्यात एखादी अट घालायचा अधिकार तरी त्यांना होता का? पन्नास वर्षांनी कारखाना बंद पडला तर कातळाखालचं पाणी कोण तपासणार, त्याचे पैसे आज कुणाकडे ठेवायचे, हे ग्रामपंचायतीला कुणी विचारलंच नाही. तू बाजूने असशील तर तूच हे आधी विचारायला हवंस, कारण तिथे राहणार तू आहेस.

इथे राज्याच्या वेबसाइटवर प्रत्येक विहिरीचा नकाशा असतो. आमच्या घरामागचा भाग मी त्याला पाठवला. दोन ठिपके आहेत, एक बुजवलेल्या विहिरीचा, एक चालू. त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग विचारलं, "त्या चालू विहिरीची अनामत किती आहे?" उद्या सकाळी काउंटीच्या ऑफिसात फोन करून विचारणार आहे.