डाळिंबाचा रस पिऊन वय मागं जात नाही

जालना-परतूरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "डाळिंबाच्या रसात युरोलिथिन-ए असतं. रोज सकाळी ग्लासभर प्या. गुडघ्याची सूज उतरेल, वय दहा वर्षं मागं जाईल, बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतील."

मुळात डाळिंबात युरोलिथिन नसतंच. त्यात असतं प्युनिकॅलॅजिन नावाचं द्रव्य. पोटात त्याचं एलॅजिक आम्ल होतं आणि मोठ्या आतड्यातले काही ठरावीक जिवाणू त्यापासून युरोलिथिन तयार करतात. हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकाच भांड्यातला रस पिऊन सासूच्या रक्तात युरोलिथिन-ए सापडेल आणि सुनेच्या रक्तात नावालाही नाही, असं होऊ शकतं. शिवाय प्युनिकॅलॅजिन जास्त असतं सालीत. बसस्टँडसमोरचा ज्यूसवाला भगवा जातीच्या डाळिंबाचे दाणे मिक्सरला फिरवतो, गाळतो, वर साखर टाकतो. त्यात ते कितीसं उतरणार? (आता कुणी साल उकळून प्यायचा मेसेज काढू नये म्हणजे मिळवली.)

वय मागं नेणारी गोष्ट आली कुठून? 2016 साली युरोलिथिन-ए दिलेले प्रयोगशाळेतले बारीक कृमी सुमारे 45 टक्के जास्त जगले, उंदीर जास्त पळाले. पेशीतली निकामी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी बारीक केंद्रं, मोडीत काढायचं काम या पदार्थानं वाढतं. ती तशीच पडून राहिली तर त्यातला डीएनए बाहेर झिरपतो, शरीराला जंतू शिरल्यासारखं वाटतं आणि सूज आतल्या आत धुमसत राहते. विज्ञान खरंच भारी आहे. पण माणसांचं काय? 65 ते 90 वयाच्या लोकांना चार महिने रोज 1000 मिलिग्रॅम शुद्ध युरोलिथिन-ए दिलं, त्या चाचणीचे निकाल 2022 साली आले. हातापायाचे स्नायू उशिरा थकू लागले. सहा मिनिटांत चालायचं अंतर मात्र औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा ठळकपणे वाढलं नाही. तेही गोळीनं, रसानं नव्हे.

गुडघ्याचं म्हणाल, तर झिजलेल्या सांध्याची डोळ्यांना दिसणारी सूज वेगळी आणि उतारवयात रक्ततपासणीतच कळणारी मंद सूज वेगळी. मेसेजनं दोन्ही एकाच ग्लासात ओतल्या.

आतड्यातल्या जिवाणूंचीच एवढी काळजी असेल, तर ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण खा. त्यातल्या चोथ्यापासून जिवाणू ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतात. आतड्याच्या अस्तराला ते पोसतं, सुजेला आवर घालतं. ते फॉरवर्ड होत नाही, कारण ज्वारी घरोघरी आहे.

आता गोळ्या. हा दावा धोक्याचा. ग्लासभर रसात 25-30 ग्रॅम साखर असते, ज्यूसवाल्याची वेगळी. शुगरवाल्या माणसानं गोळी सोडून हे रोज प्यायचं? बीपीचं तर आणखी फसवं. गोळी सोडली तरी बहुतेकांचं दुखत-खुपत काही नाही, दाब गुपचूप चढत राहतो आणि घरचे म्हणतात, रस लागू पडला.