स्नेहसंमेलनात नाटक कसं टाळावं

अभिनंदन! प्राचार्यांनी तुम्हाला सांस्कृतिक विभागप्रमुख नेमलं, म्हणजे त्या दिवशीच्या बैठकीला तुम्ही गैरहजर होता. आता नाताळच्या आगेमागे गॅदरिंग आलंच. घाबरू नका. साडी डे, टाय डे, शेलापागोटे, रेकॉर्ड डान्स हे सगळं तालुक्याच्या कॉलेजात आपोआप पार पडतं. धोका एकच. सात-आठ पोरं स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणतील, "सर, एकांकिका बसवतोय."

नाही म्हणू नका. नाही म्हटलं की पोरं ईर्ष्येला पेटतात. उलट ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, स्वतःच्या हातानं नारळ फोडून द्या. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्याला राजाश्रय होता, असं छोटंसं भाषण करा. राजाश्रय तेवढा भाषणातच ठेवा. तालमीला हॉल मागितला तर तिथे परीक्षेचे बाक लावलेत म्हणा. पोरं सायकल स्टँडवर तालीम करतील, करू द्या. नायिकेची शेवटची एसटी साडेपाचची आहे, लेक्चरं संपतात पाचला. तुमचं निम्मं काम महामंडळच करतं.

तरीही नाटक उभं राहायला लागलं, तर संहिता तपासायला मागा. व्यावसायिक नाटकवाल्यांना सरकारचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ असतं, तुम्ही घरचं मंडळ काढा: वनस्पतिशास्त्राचे एक सर, ग्रंथपाल आणि हेडक्लार्क. सूचना नेमक्या हव्यात. सावकाराचं पात्र काढावं, संस्थेचे खजिनदार पहिल्या रांगेत असतात. दुष्काळ दाखवायला हरकत नाही, पण शेवटी पाऊस पडावा. आणि मध्ये एक लावणी टाकता आली तर बघा.

पोरं पुरुषोत्तम करंडकाचं नाव काढतीलच. पुण्यातली १९६३ पासूनची स्पर्धा, तिथे जाऊन आलेली पोरं वर्षभर त्याच धुंदीत असतात. तेव्हा खिशातून कात्रण काढा: २०२२ साली परीक्षकांना एकही संघ करंडकाच्या लायकीचा वाटला नाही, करंडक तसाच राहिला. "तिथे ही अवस्था, मग आपण कोण?" इतकंच म्हणून चहा मागवा. स्वतःपुरता.

चित्रप्रदर्शन मात्र जरूर भरवा. त्याला माइक लागत नाही, ते उलट बोलत नाही. ग्रंथालयात कपाटांना दोऱ्या बांधून चित्रं टाचली की झालं. पाहुणे फीत कापतात, दारालगतच्या दोन चित्रांपुढे उभे राहतात आणि नाश्त्याची चौकशी करतात, म्हणून त्या दोन जागी गणपती आणि सूर्यास्त लावा. आमच्याकडे एका पोरीनं मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला लावलेलं कुलूप रंगवलं होतं. कुलूप इतकं हुबेहूब, की शिपाई किल्ली शोधायला लागला. असलं चित्र जुन्या नियतकालिकांच्या कपाटामागे छान दिसतं. रांगोळ्यांचे फोटो लवकर काढून घ्या, उद्घाटकांबरोबर कार्यकर्ते येतात आणि कार्यकर्त्यांना पाय असतात. फोटो जिओटॅगवालेच हवेत. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात अक्षांश-रेखांश दिसले पाहिजेत, रांगोळी दिसली नाही तरी चालेल.

आता मुख्य दिवस. कार्यक्रमपत्रिकेत नाटक सर्वांत शेवटी छापा आणि वर 'खास आकर्षण' लिहा. वेळ, संध्याकाळी सात. मग उद्घाटकांची वाट पाहा. ते साडेआठला येतील. स्वागतगीत, दीपप्रज्वलन (काडेपेटी वाऱ्यात विझणारीच आणा), सत्कार. सत्काराला शाल-श्रीफळ मोजून घेऊ नका. दोन कमी पडले की ते आणायला कुणीतरी बाजारपेठेत पळतं आणि तेवढी पंधरा मिनिटं फुकट मिळतात. मनोगतं पाच तरी हवीत, आणि प्रत्येकानं "मी फार वेळ घेणार नाही" असं सुरुवातीलाच म्हणायला हवं. मग बक्षिसं: विज्ञान, कबड्डी, वर्षभराची हजेरी.

एवढ्यात पावणेदहा वाजतात. दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, केंद्र सरकारचा २००० सालचा नियम आहे. बारापर्यंतची सवलत वर्षातून मोजक्याच दिवसांची, ती गणपती-नवरात्रातच बहुतेक संपते. कॉलेजसाठी ती कुणी मागितल्याचं मला तरी आठवत नाही. हवालदार फाटकाशी येऊन उभे राहिले की निवेदकाच्या हातून माइक घ्या आणि जड आवाजात दिलगिरी व्यक्त करा. नियमापुढे कुणाचं चालत नाही.

एक सावधगिरी. आमच्याकडे गेल्या वर्षी दहाला माइक बंद झाला, पाहुणे गाडीत बसले, मी खुर्च्या मोजायला लागलो, आणि पोरांनी पडदा उघडला. नुसत्या गळ्यावर. ऐकू येईना म्हणून मागची माणसं पुढे सरकली, आणखी पुढे सरकली, शेवटी थेट उद्घाटकांच्या सोफ्यावर जाऊन बसली. हवालदारसुद्धा टोपी काढून कडेला टेकले. सावकार परत आला होता, पाऊस पडला नाही आणि नायिका पावणेअकरापर्यंत स्टेजवर होती. तिला न्यायला तिचे वडील मोटारसायकल घेऊन आले होते, तेही बसून बघत होते.

तेव्हा मंडपवाल्याला आधीच बजावून ठेवा: पाहुणे उठले की लगेच सोफे उचलायचे.